मानवी हक्क आणि डिजिटल तंत्रज्ञान : पीएच.डी. संशोधनाच्या संधी

बँकेत खाते उघडताना किंवा मोबाईलचे सिमकार्ड घेताना ग्राहकाची ओळख अनेकदा कॅमेऱ्यासमोर पटवली जाते. त्यासाठी डोळ्यांची उघडझाप करावी लागते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे जायबंदी झालेल्या व्यक्तींना तसेच दृष्टिहीनांना ही अट पूर्ण करता येत नव्हती. त्यांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि ओळख पडताळणीची प्रक्रिया सर्वांना वापरता यावी यासाठी २० निर्देश दिले.

ही यंत्रणा संगणकतज्ज्ञांनी रचली होती, तिच्यासाठीचे नियम शासकीय नियामकांनी केले होते आणि तिच्यामुळे होणारा अन्याय अखेर घटनेच्या भाषेत मांडावा लागला. तंत्रज्ञान, शासन आणि हक्क यांच्या अशा संगमावर उभे राहणारे प्रश्न वाढत असल्याने त्यांचा सखोल अभ्यास करणाऱ्या संशोधकांची गरजही वाढली आहे. मात्र पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पहिलीच अडचण अशी, की या विषयाचा स्वतंत्र विभाग भारतातील बहुतेक विद्यापीठांत नाही. कोणत्या विद्याशाखेतून प्रवेश घ्यावा, मार्गदर्शक कोठे मिळेल आणि पाच-सहा वर्षांचा खर्च कसा भागेल, हे प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःच सोडवावे लागतात.

विषयाची पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांनी १९४८ साली स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात खासगी जीवनातील हस्तक्षेपापासून संरक्षण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टींचा समावेश होता. संगणकाच्या जाळ्यावर हे हक्क लागू होतात काय, या प्रश्नाचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जुलै २०१२ मधील ठरावाद्वारे दिले. प्रत्यक्ष जीवनात माणसाला जे हक्क आहेत त्यांचे संरक्षण इंटरनेटवरही झाले पाहिजे, असे त्या ठरावात म्हटले आहे. डिसेंबर २०१३ मध्ये आमसभेने डिजिटल युगातील खासगीपणाच्या हक्काविषयी ठराव संमत केला आणि २०१५ साली या हक्कासाठी विशेष प्रतिवेदकाचे पद निर्माण करण्यात आले.

भारतात या विषयाला आकार मिळाला तो प्रामुख्याने न्यायालयीन निकालांतून. इंटरनेटवरील मजकुराबद्दल अटकेची तरतूद असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेविरुद्ध २०१२ साली केलेल्या याचिकेतून हा निर्णय आला होता. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला. मात्र खासगी कंपन्यांना आधारच्या वापराची मुभा देणारा भाग रद्द केला. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि ती बंदी अनिश्चित काळासाठी असू शकत नाही, असे जम्मू-काश्मीरसंबंधीच्या प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सांगण्यात आले. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सत्यशोधन कक्षाला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

निकालाने तत्त्व ठरते. ते तालुक्याच्या कचेरीत किंवा स्वस्त धान्य दुकानात पाळले जाते काय, हे निकालपत्रावरून कळत नाही. पीएच.डी. पातळीवरील संशोधनाला खरा वाव आहे तो येथे.

संशोधनाने काय साधते

या क्षेत्रातील काही महत्त्वाचे शोध विद्यार्थिदशेतच लागले आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनी असताना लतान्या स्वीनी यांनी १९९७ साली एक साधा प्रयोग केला. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय उपचारांची माहिती, नावे वगळून, संशोधनासाठी उपलब्ध करून दिली होती. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड या तीन बाबी ताडून पाहिल्या. त्यावरून राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद त्यांना शोधता आली. नाव काढले म्हणजे माहिती सुरक्षित झाली, हा समज त्यामुळे मोडीत निघाला.

त्याच संस्थेत जॉय बुओलाम्विनी यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या संगणकीय प्रणाली तपासल्या. टिमनिट गेब्रू यांच्यासमवेत २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, तर सावळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते.

भारतातील उदाहरण झारखंडचे आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील रेशन व्यवस्थेत आधार पडताळणीचा काय परिणाम झाला, याची गावोगाव पाहणी करून २०१७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये निष्कर्ष मांडले. बोटाचा ठसा न जुळणे, जोडणी नसणे अशा कारणांनी धान्यापासून वंचित राहिलेल्या कुटुंबांचा प्रश्न त्यामुळे आकडेवारीसह पुढे आला. या तीन अभ्यासांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत; पण अधिकृत दावा आणि प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतर मोजण्याचे काम तिन्हींनी केले.

प्रवेशाच्या तीन वाटा

भारतात या विषयावर पीएच.डी. करण्यासाठी साधारणपणे तीन वाटा उपलब्ध आहेत. पहिली वाट कायद्याची. बंगळूरुची नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी, हैदराबादचे नालसार, दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ तसेच मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे ही यांतील प्रमुख केंद्रे आहेत. दिल्लीच्या विधी विद्यापीठात माहिती कायदा व धोरणाचा अभ्यास करणारे स्वतंत्र केंद्र २०१३ पासून आहे. या वाटेने जाणाऱ्यांकडे सामान्यतः एल.एल.एम. पदवी असावी लागते.

दुसरी वाट सामाजिक शास्त्रांची. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, माध्यमविद्या किंवा मानवी हक्क या विषयांतील पदव्युत्तर विद्यार्थी दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा आपापल्या राज्यांतील विद्यापीठांत प्रयत्न करू शकतात. प्रत्यक्ष पाहणी आणि मुलाखतींवर आधारित संशोधनासाठी ही वाट अधिक सोयीची ठरते.

तिसरी वाट तंत्रज्ञानाची. बंगळूरुच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत माहिती तंत्रज्ञान आणि समाज या क्षेत्रात पीएच.डी. करता येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अशांक देसाई धोरण अभ्यास केंद्रातही धोरणविषयक संशोधनाची सोय आहे. संगणकशास्त्राच्या पदवीधरांना संगणकीय प्रणालींतील पक्षपात, माहितीची सुरक्षा अशा प्रश्नांवर संगणक विभागातूनच काम करता येते.

वाटेची निवड केवळ प्रवेशापुरती नसते. प्रबंधाचे परीक्षक त्या विद्याशाखेचे असतात आणि पुढील नोकरीची पात्रताही तिच्यावरच ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित किंवा संलग्न विषयात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या पदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठरवण्यात आली असून पीएच.डी. ऐच्छिक करण्यात आली आहे. त्यामुळे आंतरविद्याशाखीय प्रबंध लिहिणाऱ्यांनीही आपल्या मूळ विषयात नेट अथवा सेट उत्तीर्ण होणे हिताचे आहे.

पात्रता आणि नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.साठी नवी नियमावली अधिसूचित केली. तिच्यानुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला किमान ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. एम.फिल. पदवी या नियमावलीने बंद केली.

पीएच.डी.चा कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या उमेदवारांना त्याव्यतिरिक्त दोन वर्षांची सवलत आहे. महिला संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. नोकरी करणाऱ्यांना मालकाच्या ना-हरकत प्रमाणपत्रावर अर्धवेळ पीएच.डी. करता येते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करता येते. या विषयाचे जाणकार मोजके असल्याने ही मर्यादा महत्त्वाची ठरते. अर्ज करण्यापूर्वीच संबंधित मार्गदर्शकांकडे जागा आहे काय, याची चौकशी करावी.

परदेशी संस्थांच्या नावाने ऑनलाइन पीएच.डी. देऊ करणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहण्याचा इशारा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता. अशा पदव्यांना मान्यता नाही.

प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता चाचणी, म्हणजेच नेट, ही सर्वांत उपयुक्त परीक्षा आहे. राष्ट्रीय परीक्षा संस्थेतर्फे ती साधारणपणे वर्षातून दोनदा, संगणकावर घेतली जाते. ‘मानवी हक्क आणि कर्तव्ये’ हा नेटचा स्वतंत्र विषय आहे, ही बाब अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. कायदा, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र हेही विषय निवडता येतात. २०२४ पासून नेटच्या निकालाचे तीन वर्ग करण्यात आले आहेत. पहिल्या वर्गातील उमेदवार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरतात आणि त्यांना मुलाखतीद्वारे प्रवेश मिळतो. उर्वरित दोन वर्गांसाठी चाचणीच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असून ते गुण एक वर्ष ग्राह्य धरले जातात.

भाषाविषय वगळता नेटची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातर्फे घेतली जाते. मात्र ती अध्यापनाची पात्रता देते, अधिछात्रवृत्ती देत नाही.

अधिछात्रवृत्ती

पूर्णवेळ संशोधन कोणाला परवडेल, हे बव्हंशी अधिछात्रवृत्तीवर ठरते. नेटद्वारे मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ४२,००० रुपये अशी करण्यात आली. घरभाडे भत्ता व आकस्मिक खर्चाची तरतूद वेगळी असते. वयोमर्यादा ३० वर्षांची असून महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची, तर एल.एल.एम. पदवीधारकांना तीन वर्षांची सवलत आहे.

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गासाठी केंद्र सरकारच्या स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहेत. एकुलत्या एक मुलीला पीएच.डी.साठी सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती विद्यापीठ अनुदान आयोगाकडून मिळते. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना नवी दिल्लीच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे, तर संगणक व माहिती तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना २०१४ साली सुरू झालेल्या विश्वेश्वरय्या पीएच.डी. योजनेकडे पाहता येईल. अल्पसंख्याक समाजांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे. जुन्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख आढळतो, त्यावर विसंबू नये.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. त्यासाठी महाराष्ट्राचे रहिवासी असणे आवश्यक असते. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबाद येथील मराठी भाषक विद्यार्थ्यांनी त्यामुळे राष्ट्रीय योजना आणि आपापल्या राज्यांच्या योजनांचाच आधार घ्यावा.

परदेशातील केंद्रे

ब्रिटनमधील एसेक्स विद्यापीठाचे मानवी हक्क केंद्र १९८२ पासून कार्यरत आहे. मानवी हक्क, प्रचंड माहितीसाठे आणि तंत्रज्ञान यांचा अभ्यास करणारा मोठा प्रकल्प तेथे २०१५ साली सुरू झाला होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाची २००१ साली स्थापन झालेली इंटरनेट संस्था, बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे माहिती तंत्रज्ञान कायदा केंद्र आणि नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाची कायदा, तंत्रज्ञान व समाज संस्था ही अन्य नामांकित केंद्रे आहेत. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे यांसारख्या देशांत पीएच.डी. संशोधक हा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. तेथे प्रवेशाऐवजी पदाची जाहिरात निघते आणि तिच्यात संशोधनाचा विषयही अनेकदा आधीच ठरलेला असतो.

युरोपीय महासंघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरेट जाळ्यांतील पदे सर्व देशांच्या नागरिकांना खुली असतात. नियुक्तीपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेला नसावा, ही त्यांची मुख्य अट आहे. कायदा, विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयावरील असा संयुक्त कार्यक्रम इटलीतील बोलोन्या विद्यापीठाच्या समन्वयाने राबवण्यात आला होता.

अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र २०२२ साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारतातील हक्कांच्या प्रश्नावर परदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्यांना याचा थेट फटका बसू शकतो. म्हणून विषयाचे शीर्षक ठरवण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम वाचणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसमोरील दुसरा पर्याय आहे.

प्रश्नाची निवड

‘डिजिटल युगातील मानवी हक्क’ अशा व्यापक शीर्षकाचा आराखडा निवड समितीसमोर टिकत नाही. प्रश्न लहान, मोजता येण्याजोगा आणि एखाद्या ठिकाणाशी बांधलेला असावा. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करण्याची २०२० मधील अट एखाद्या राज्यातील जिल्ह्यांत कितपत पाळली गेली? राजस्थानने २०२३ साली केलेल्या ॲपआधारित कामगारांच्या कायद्याचा लाभ प्रत्यक्ष किती कामगारांपर्यंत पोहोचला? समाजमाध्यमांवरील मराठी मजकुराविषयीच्या तक्रारींचा निपटारा इंग्रजी मजकुराइतकाच काळजीपूर्वक होतो काय? अशा प्रश्नांचे उत्तर एका प्रबंधात देता येते. स्थानिक भाषा जाणणाऱ्या संशोधकाला येथे विशेष संधी आहे. कारण ज्यांचे हक्क डावलले जातात त्यांची तक्रार बहुधा इंग्रजीत नोंदलेली नसते.

आपल्या विषयावर आधी काय काम झाले आहे, हे पाहण्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार विनामूल्य उपलब्ध आहे.

माहितीचे संकलन आणि संशोधकाची जबाबदारी

माहितीचा अधिकार कायदा, २००५ हे या क्षेत्रातील संशोधकाचे प्रमुख साधन आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याच वेळी लागू झालेल्या तरतुदीने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल होऊन वैयक्तिक माहिती नाकारण्याचा आधार अधिक व्यापक झाला. व्यापक सार्वजनिक हिताची कलम ८(२) मधील तरतूद कायम आहे. शासकीय आदेश, खर्च आणि एकत्रित आकडेवारी मागणारे अर्ज त्यामुळे अधिक नेमकेपणाने लिहावे लागतील.

संशोधनासाठी वैयक्तिक माहिती वापरण्यास २०२३ च्या कायद्यात सूट आहे. मात्र त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानकांचे पालन व्हावे, अशी अट आहे. मुलाखतीपूर्वी समजेल अशा भाषेत संमती घेणे, नावे व ओळखीच्या खुणा वेगळ्या ठेवणे आणि ध्वनिमुद्रणे सुरक्षित राखणे ही किमान जबाबदारी होय. केवळ नाव वगळणे पुरेसे नसते, हे स्वीनी यांच्या प्रयोगाने दाखवलेच आहे. लहान गावातील वय, जात आणि व्यवसाय एवढ्या तपशिलावरूनही माणूस ओळखता येतो. खासगीपणाच्या हक्कावरील प्रबंधामुळेच एखाद्याचा खासगीपणा धोक्यात येऊ नये, याची दक्षता विद्यार्थी आणि मार्गदर्शक या दोघांनीही घ्यावयाची आहे.

प्रबंधातील साधर्म्याची तपासणी २०१८ च्या नियमांनुसार होते. १० टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य दंडनीय मानले जात नाही.

पदवीनंतरच्या संधी

अध्यापनाखेरीज मानवी हक्क आयोग, विधी संशोधन संस्था, धोरण अभ्यास केंद्रे, माहिती संरक्षणाचे काम पाहणारे कंपन्यांचे विभाग आणि वकिली या क्षेत्रांत अशा संशोधकांना वाव आहे. माहिती संरक्षण कायद्यातील मुख्य जबाबदाऱ्या नियम अधिसूचित झाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होणार असल्याने कायदा आणि तंत्रज्ञान दोन्ही समजणाऱ्या व्यक्तींची मागणी वाढण्याची शक्यता आहे.

इच्छुकांनी प्रथम संशोधनाचा प्रश्न निश्चित करावा, त्यास अनुरूप विद्याशाखा व मार्गदर्शक शोधावेत, नेटची तयारी त्याच विषयात करावी आणि अधिछात्रवृत्तीच्या अटी अर्जापूर्वी संबंधित संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासून घ्याव्यात. यंत्राने नाकारलेल्या माणसाची दाद न्यायालयात लागण्यासाठी ती नाकारणी कोठे, किती वेळा आणि कोणत्या कारणाने झाली, याची विश्वासार्ह नोंद असावी लागते. अशी नोंद तयार करणे हे या विषयातील पीएच.डी. संशोधनाचे प्रमुख काम आहे.